दोन हाडांमधील काळी पट्टी

वज्रेश्वरी हें गांव ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या परिसरांत वसलेलें आहे. इ. स. १७३९ मध्यें वसईच्या मोहिमेच्या वेळीं चिमाजी आप्पांनीं येथील देवीला नवस केला व जय मिळाल्यावर तिचें मंदिर उभें राहिलें, अशी परंपरा आहे. मंदिराभोंवतीं किल्ल्यासारखा तट असून वर जाण्यास बावन्न पायऱ्या आहेत. परंतु या गांवीं येणारे सर्वच लोक इतिहासासाठीं किंवा दर्शनासाठीं येत नाहींत. पुष्कळसे येतात ते आपल्या गुडघ्यांसाठीं. जवळच अकलोली येथें व पलीकडे गणेशपुरीस जमिनींतून ऊन पाण्याचे झरे वर येतात. त्यांचें पाणी दगडी कुंडांत अडविलेलें आहे. त्याला गंधकाचा वास येतो. थंडीच्या दिवसांत पहाटे कुंडावर वाफ तरंगत असते, आणि पायरीवर बसून, पाय पाण्यांत सोडून, दोन्ही हातांनीं गुडघे चोळणारीं वृद्ध माणसें तेथें दिसतात. देवळाच्या बावन्न पायऱ्या त्यांतील कित्येकांना चढवत नाहींत. कुंडाच्या चार पायऱ्या उतरतांनाही त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

ज्या सांध्यासाठीं हीं माणसें इतक्या दूर येतात त्या सांध्याच्या आंत काय असतें, आणि तें पाहण्यासाठीं मनुष्यानें अलीकडे कोणती नवी दृष्टि मिळविली, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे. विषय शास्त्राचा खरा. पण तो आमच्यापाशीं पुस्तकांतून आला नाहीं, घरांतून आला.

आमच्या मातोश्रींना साठी उलटल्यावर उजव्या गुडघ्याचा त्रास सुरू झाला. प्रथम बसून उठतांना कळ येई. पुढें रात्रीं अंथरुणांत कूस बदलतांनाही येऊं लागली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या दोन हिंवाळे अकलोलीच्या कुंडांवर जाऊन राहिल्या. तेथून परत आल्यावर कांहीं दिवस त्यांचें चालणें हलकें होई, मग पुन्हां पूर्वस्थिति येई. यांत नवल नाहीं. ऊन पाण्यानें आखडलेले स्नायु सैल होतात, आणि पाण्यांत शरीराचा भारही सांध्यावर कमी पडतो. म्हणून आराम वाटतो. तो आराम खरा असतो. मात्र सांध्यांत जें झिजलें तें पाण्यानें भरून येत नाहीं.

शेवटीं गुडघ्याचें क्ष-किरणचित्र काढविलें. ज्या डॉक्टरांना तें दाखविलें, त्यांनीं फिल्म उजेडासमोर धरली, हाडांच्या कडांवरून बोट फिरविलें आणि म्हटलें, “आजी, यांत कांहीं नाहीं. हाडें उत्तम आहेत. वयोमान म्हणायचें.” मातोश्रींनीं पदर सांवरला व त्या निमूटपणें उठल्या. त्या दिवसापासून त्यांनीं गुडघ्याचें नांव काढणें सोडलें. घरांत कोणीं विचारलें तर म्हणत, “फोटोंत कांहीं नाहीं ना? मग नाहींच.” परंतु जिना चढतांना कठडा धरलेलीं त्यांचीं बोटें पांढरीं पडत, हें आम्हांस दिसत होतें.

ती फिल्म आम्हीं एके दिवशीं वर्गांत नेली. शरीरशास्त्राचा पाठ चालू होता. खऱ्या हाडांचें चित्र मुलांस दाखवावें, एवढाच विचार. खिडकीच्या कांचेवर ती धरून आम्हीं मांडीचें हाड, नडगीचें हाड व गुडघ्याची वाटी दाखविली. मुलांनीं पाळीपाळीनें येऊन पाहिलें. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, वरचें हाड खालच्या हाडाला टेकलेलेंच नाहीं. मध्यें नुसती काळी पट्टी आहे. मग या आजी उभ्या राहतात त्या कशाच्या आधारावर?”

हा प्रश्न इतका सरळ होता कीं, त्या दिवसाचा नेमलेला पाठ आम्हांस बाजूला ठेवावा लागला. त्या मुलाला जें उत्तर दिलें, आणि त्यानंतर वाचून जी भर पडली, ती पुढें देत आहों.

जर्मनींतील वुर्झबर्ग येथें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें दिसतात, बोटांतील अंगठीही दिसते. आणि पेरापेराशीं, एक हाड संपून दुसरें सुरू होतें तेथें, मोकळी जागा दिसते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला जी पट्टी दिसली ती त्या आरंभींच्या चित्रांतही होती. तिचें कारण असें. क्ष-किरण शरीरांतून जातांना कमीअधिक अडविले जातात. हाडांत कॅल्शियम असतें. तें पुष्कळ किरण अडवितें, म्हणून फिल्मवर हाड पांढरें उमटतें. मांस, रक्त, पाणी हे पदार्थ किरणांना फारसे अडवीत नाहींत. त्यांची जागा काळसर उमटते. साध्या क्ष-किरणचित्राला एकच प्रश्न विचारतां येतो : कोणीं किती किरण अडविले? ज्यानें जवळजवळ कांहींच अडविलें नाहीं, तो त्या चित्रापुरता नसल्यासारखाच.

त्या काळ्या पट्टींत जी राहते तिला कूर्चा म्हणतात. खाटकाच्या दुकानीं हाडाच्या गोल टोकावर जें निळसर पांढरें, चकचकीत, बोटाला गुळगुळीत लागणारें आवरण दिसतें, तीच ही. गुडघ्यांत तिची जाडी कांहीं मिलिमीटर असते. वाटीच्या मागील बाजूस ती विशेष जाड असते. तिच्या वजनांत शेंकडा ६५ ते ८० भाग पाणीच असतें; उरलेल्या भागांत कोलॅजेन नांवाचे बारीक तंतु, पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणु, आणि थोड्याशा पेशी. आपण पाऊल टेकलें कीं तिच्यांतील पाणी दाबलें जाऊन थोडें बाहेर पडतें. पाऊल उचललें कीं तें पुन्हां आंत शोषलें जातें. दोन कूर्चा एकमेकींवरून घसरतात त्या बर्फावरून बर्फ घसरावा त्याहूनही सहजपणें. आजी उभ्या राहतात त्या याच पाणीदार गादीच्या आधारावर.

ही गादी कापूस भरल्यासारखी वेडीवांकडी भरलेली नसते. १९२५ सालीं बेनिंगहोफ या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें तिच्या तंतूंची मांडणी वर्णन केली. तंतु हाडापासून सरळ उभे निघतात, पृष्ठभागाजवळ आल्यावर वळतात, आणि कमान करून पुन्हां खालीं उतरतात. आपल्या शाळेच्या ओसरीवरील कमानींची रांग डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे कल्पना येईल. कमान छपराचा भार जसा खांबांकडे वांटून देते, तसे हे तंतु शरीराचा भार हाडाकडे वांटून देतात. सांध्याचा रोग पुष्कळ वेळां या कमानी मोडण्यापासून सुरू होतो. पट्टी अजून रुंद असते, आणि आंतील बांधकाम ढिलें होऊं लागलेलें असतें.

कूर्चेंत रक्तवाहिन्या नाहींत, म्हणून तिला झालेली जखम कातडीच्या जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. लंडन येथील विल्यम हंटर यांनीं १७४३ सालीं, म्हणजे वसईच्या विजयानंतर अवघ्या चार वर्षांनीं, रॉयल सोसायटीपुढें मांडलेल्या निबंधांत हेंच सांगितलें होतें कीं, एकदां नष्ट झालेली कूर्चा परत येत नाहीं. तेव्हांपासून वैद्यकानें पुष्कळ मजल मारली, तरी मूळची कूर्चा जशीच्या तशी परत उगवण्याचा उपाय आजही हातीं आलेला नाहीं. दुसरें असें कीं, कूर्चेंत मज्जातंतूही नाहींत. ती झिजूं लागली तरी स्वतः दुखत नाहीं; वेदना येते ती सांध्याच्या अस्तरांतून, खालच्या हाडांतून, भोंवतालच्या बंधनांतून. चित्रांत जी दिसत नाहीं आणि झिजतांना ओरडतही नाहीं, तिची वार्ता आपणांस लागावी कशी? साध्या चित्रावरून डॉक्टर तिचा अंदाज करतात तो काळ्या पट्टीच्या रुंदीवरून. पट्टी अरुंद झाली म्हणजे कूर्चा गेली असें समजतें; पण तोंपर्यंत पुष्कळ कांहीं गेलेलें असतें.

मग पाण्यासारखी आरपार वस्तु पाहावी कशी? विद्यार्थिमित्रहो, याचें उत्तर अकलोलीच्या कुंडांत आहे. ऊन पडलेलें असतांना, पाणी थोडें हालत असतां, कुंडाच्या तळाकडे पाहा. तळच्या दगडावर उजेडाच्या रेषांचें एक जाळें सारखें हालत असतें. पाण्यानें तर उन्हाला अडविलेलें नाहीं. मग या रेषा कोठून आल्या? पृष्ठभागावरील प्रत्येक लहानशी लाट आपल्यावर पडलेला किरण किंचित् वळविते. वळलेले किरण कोठें एकत्र जमतात, कोठें विरळ होतात, आणि तळावर लाटांचा आकार उमटतो. हेंच तें वक्रीभवन, जें तुम्ही पेल्यांतील वांकड्या दिसणाऱ्या पेन्सिलीवरून शिकलां. जी वस्तु प्रकाशाला अडवीत नाहीं, ती त्याला वळविते. आणि त्या वळणावरून ती ओळखतां येते.

क्ष-किरणही असेच वळतात, पण फार थोडे. तें वळण किती, हें सांगावयाचें तर एक किलोमीटर चालून गेल्यावर सरळ वाटेपासून एखादा मिलिमीटर सरकावें, इतकें. एवढ्याशा वळणाची दाद साध्या फिल्मला लागत नाहीं. परंतु मऊ अवयवांच्या बाबतींत ही वळविण्याची क्रिया अडविण्याच्या क्रियेपेक्षां शेंकडों पटींनीं प्रभावी असूं शकते. म्हणून जो कोणी हें वळण मोजील, त्याला काळ्या पट्टीच्या आंत पाहतां येईल, हें उघड होतें.

तें मोजण्याची एक रीत अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत बसविण्यांत आली व १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. सर्व किरण एकाच रंगाचे व अगदीं समांतर असा झोत घ्यावयाचा. तो अवयवांतून जाऊं द्यावयाचा. आणि पलीकडे सिलिकॉनचा एक निर्दोष स्फटिक ठेवावयाचा. हा स्फटिक दारवानाचें काम करतो. नेमक्या कोनांतून आलेल्या किरणालाच तो पुढें पाठवितो. जो किंचित् वळून आला त्याला थांबवितो. स्फटिक केसभराहूनही कमी फिरविला कीं, आधीं थांबविलेले किरण पुढें जातात आणि पूर्वींचे थांबतात. अशा दोन स्थितींतील चित्रें ताडून पाहिलीं म्हणजे कोणत्या जागीं किरण किती वळले याचा हिशेब लागतो. २००२ सालीं या रीतीनें घेतलेलीं मानवी सांध्यांचीं चित्रें प्रसिद्ध झालीं. त्यांत, सांधा उघडून न पाहतांही, कूर्चेची कड आणि तिच्यांतील झिजलेल्या जागा दिसल्या. रोंटगेन यांच्या चित्रांत जी जागा मोकळी होती, ती शंभराहून अधिक वर्षांनीं भरलेली दिसली.

असा एकरंगी, समांतर व प्रखर झोत दवाखान्यांतील नळींतून मिळत नाहीं. तो सिंक्रोट्रॉन नांवाच्या मोठ्या वर्तुळाकार यंत्रांतून मिळतो. त्यांत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळ जाऊन धांवत असतात, व लोहचुंबक त्यांना वर्तुळांत वळवीत राहतात. फिरत्या सहाणेवर सुरी धरली असतां ठिणग्या जशा कडेनें सरळ सुटतात, तसा प्रत्येक वळणावर इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश सरळ सुटतो, आणि त्यांत क्ष-किरण असतात. हें यंत्र आपल्या देशांत नाहीं असें कोणीं समजूं नये. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांबरोबर मल्हारराव होळकर होते. त्याच होळकरांच्या इंदूर शहरीं, जेथें मराठी कुटुंबें पिढ्यान् पिढ्या नांदत आलीं आहेत, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथें इंडस-१ व इंडस-२ अशीं दोन सिंक्रोट्रॉन यंत्रें चालतात. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर आहे व तें २००५ सालीं सुरू झालें. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें त्यावर केवळ चित्रें घेण्यासाठीं एक किरणमार्ग उभारला असून वळलेल्या किरणांवरून चित्र घेण्याची सोयही तेथें आहे. आमच्या शाळेंतील एखादा विद्यार्थी उद्यां तेथें काम करील, ही आशा आम्ही बाळगतों.

याच विद्येचें पुढचें पाऊल फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनवर पडलें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कामांत मानवी गुडघ्याच्या वाटीवरील कूर्चेचीं चित्रें अशा किरणांनीं सर्व बाजूंनीं घेऊन तीं जुळविण्यांत आलीं. निरोगी कूर्चेंत पेशी थराथरानें, शिस्तीनें मांडलेल्या दिसल्या. रोगी कूर्चेंत ती शिस्त मोडून त्यांचे पुंजके झालेले दिसले. जें पूर्वीं कूर्चेचा तुकडा कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालींच पाहावें लागे, तें न कापतां दिसूं लागलें.

तथापि वाचकांनीं लगेच असा समज करून घेऊं नये कीं, उद्यां आपल्या गांवच्या दवाखान्यांत हें चित्र निघेल. वर सांगितलेलें काम बहुतेक शरीराबाहेर काढलेल्या सांध्यांवर व कूर्चेवर झालेलें आहे. जिवंत माणसावर प्रखर किरण सोडावयाचे तर ते किती सोडावे याला मर्यादा आहे, आणि दीडशें मीटरांहून मोठें वर्तुळ कोणत्या रुग्णालयांत मावणार? आज रोग्यांसाठीं एम. आर. आय. हें चुंबकाच्या साह्यानें घेतलेलें चित्र आहे. त्यांत कूर्चा दिसते, पण पेशींची मांडणी दिसण्याइतकी बारीक नाहीं. मध्यंतरीं, २००६ सालीं, स्वित्झर्लंडांत अतिसूक्ष्म जाळ्या वापरून साध्या नळीच्या क्ष-किरणांचेंही वळण मोजण्याची युक्ति निघाली. जपानांत तशाच युक्तीनें निरोगी माणसांच्या बोटांच्या सांध्यांतील कूर्चा पाहण्यांत आली आहे. रस्ता लांब आहे, परंतु तो प्रयोगशाळेंतून दवाखान्याकडेच येत आहे.

मातोश्रींचें पुढें काय झालें, हें येथपर्यंत वाचणाऱ्यांस सांगणें उचित आहे. तीन वर्षांनीं दुसरें चित्र काढलें तेव्हां काळी पट्टी आंतल्या बाजूस अगदीं बारीक झालेली होती. या वेळच्या डॉक्टरांनीं फिल्म पाहण्याआधीं मातोश्रींना खुर्चीवरून उठावयास सांगितलें, दोन पायऱ्या चढावयास सांगितलें, गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हालविला, आणि कोणत्या वेळीं कोठें दुखतें तें सावकाश विचारलें. मातोश्री प्रथम कांहीं बोलेनात. मग म्हणाल्या, “पहिल्या फोटोंत कांहीं नव्हतें, पण दुखत होतें हो.” डॉक्टर म्हणाले, “दुखत असणारच, आई.” हे शब्द ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. औषध अजून दिलें गेलें नव्हतें. तरी अर्धें ओझें उतरलें, असें आम्हांस वाटलें. पुढें त्यांना मांडीच्या स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम शिकविण्यांत आला, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत काठी देण्यांत आली, आणि खालीं बसून करावयाचीं कामें ओट्यावर आलीं. त्या बऱ्या झाल्या असें म्हणतां येणार नाहीं. पण आतां त्या दुखतें तेव्हां दुखतें म्हणतात, आणि घर त्याप्रमाणें आपलीं कामें वांटून घेतें.

पहिल्या डॉक्टरांस दोष लावण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. फिल्मवर जें होतें तें त्यांनीं वाचलें. अडचण झाली ती “चित्रांत कांहीं नाहीं” या वाक्याचा अर्थ “गुडघ्यांत कांहीं नाहीं” असा झाल्यानें. याच्या उलटही घडतें : चित्रांत सांधा पुष्कळ झिजलेला दिसतो, आणि मनुष्य मजेनें दोन मैल चालून येतो. चित्र आणि दुखणें हे दोन निरनिराळे साक्षीदार आहेत. एकाची साक्ष घेऊन दुसऱ्याला गप्प बसविणें न्यायाचें नव्हे.

आईबापांस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांतील वृद्ध माणूस गुडघा दुखतो म्हणालें तर त्याला आधीं बसावयास पाट न देतां खुर्ची द्यावी, आणि मग चित्राची चौकशी करावी. मुलांच्या सांध्यांकडेही लक्ष असावें. खेळतांना गुडघा पिरगळून सुजला तर चोळून पुन्हां मैदानांत पाठवूं नये. हंटर यांनीं सांगितल्याप्रमाणें तेथील गेलेलें परत येत नाहीं.

आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें. प्रयोगवहींत “कांहीं दिसलें नाहीं” असें लिहिण्याचा प्रसंग तुम्हांवर वारंवार येतो. तें लिहिण्यास लाजूं नका. तेंही निरीक्षणच आहे. मात्र त्यापूर्वीं दोन शब्द आणखी लिहीत जा : “या साधनानें”. “या साधनानें कांहीं दिसलें नाहीं.” एवढ्या दोन शब्दांनीं वाक्य खरें होतें, आणि दुसऱ्या साधनासाठीं जागा राहते. मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्याच्या वहींत आम्हीं हे शब्द तांबड्या शाईनें लिहून दिले आहेत. इतरांनीं ते आपल्या हातानें लिहून घ्यावे.